एसी कुठला घ्यावा? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ए-३०१: नमस्कार, बेडरूमला एसी बसवायचाय. बाबांना रात्रभर झोप नाही, पंखा नुसती गरम हवा फिरवतो, उशी घामाने ओली. आमचा वरचा मजला, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. रूम १२ बाय ११. दुकानदार म्हणतो दोन टन घ्या, लवकर गार होईल. कोणी बसवलाय त्यांनी सांगा ना.

सी-१०२: वहिनी, आमची पण तेवढीच रूम, १ टन पुरतो. पण आम्ही पहिल्या मजल्यावर.

बी-२०४: वहिनी, दोन टन अजिबात नको. आपल्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. गरजेपेक्षा मोठा एसी झटकन गार करतो आणि थांबतो नाहीतर अगदी मंद होतो, हवेतलं पाणी खेचायला त्याला वेळच मिळत नाही, मग अंगाला गारही लागतं आणि चिकटही. १ टन म्हणजे तासाला १२००० बीटीयू (उष्णता मोजायचं माप) उष्णता बाहेर टाकायची ताकद, तुमच्या डोक्यावर स्लॅब आहे म्हणून दीड टन इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घ्या, बस. २४-२५ वर ठेवून हळू पंखा लावला तरी बाबा शांत झोपतील.

ए-३०१: आणि कंपनी कुठली?

बी-२०४: कंपनीपेक्षा आऊटडोअर (एसीचा बाहेर लावायचा डबा) कुठे लावताय ते आधी बघा. आमचा पहिला एसी तिसऱ्या वर्षी गेला. आऊटडोअर समुद्राकडच्या भिंतीला, समोरून थेट खारं वारं. उघडला तेव्हा मागच्या पत्र्याच्या पात्या बोटाने दाबल्या तर रांगोळीसारखी पांढरी पूड हातात आली. कॉपर कॉइल म्हणतात ना, त्यात नळी तांब्याची असते पण पात्या ॲल्युमिनियमच्याच, दोन्ही धातू चिकटलेले आणि वर खाऱ्या हवेची ओल, मग ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. म्हणून कॉपर घ्याच, पण पात्यांवर गंजरोधक कोटिंग आहे का विचारून घ्या. आणि आऊटडोअर पूर्वेच्या बाजूला लावा. पाइप लांब जाईल, किटमध्ये बहुतेक ३ मीटरच मिळतो, वरच्याचे पैसे पडतील, पडूदे.

ए-४०२: स्टँडचं पण सांगा त्यांना. आमचा लोखंडी होता, दुसऱ्या पावसाळ्यात नटबोल्टच गळून पडायला आले. खाली पोरं खेळतात हो. स्टेनलेस स्टीलचा घ्या, ३०४ ग्रेड, बोल्टसकट.

बी-२०४: अगदी बरोबर. आणि महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून आऊटडोअरवर साधं गोडं पाणी सोडायचं, जोरात नाही, पात्या वाकतात. मीठ निघून जातं.

सी-१०२: दादा, फिटिंगवाले व्हॅक्यूम करत नाहीत, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओल पंपाने खेचून काढत नाहीत, असं ऐकलं?

बी-२०४: हेच तर. आमच्या दुसऱ्या एसीला फिटरने थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर काढली, म्हटला झालं. मी थांबवलं त्याला. आत ओल राहिली की तेलात मिसळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर मरतो. शिवाय हल्लीच्या आर-३२ गॅसला थोडी आग लागू शकते, तो असा घरात सोडायचा नाही. व्हॅक्यूम पंप लावून २०-३० मिनिटं, मग पंप बंद करून १०-१५ मिनिटं दाब मोजणाऱ्या गेजचा काटा बघायचा. काटा वर सरकला तर कुठेतरी लीक आहे. वहिनी, काटा हलत नाही तोवर त्याला चहा देऊ नका 🙏

सेक्रेटरी: आऊटडोअर आणि पाइप कुठून नेणार ते आधी मला दाखवा, एलिव्हेशन (बिल्डिंगचं बाहेरचं रूप) बिघडता कामा नये. लाइन मीटरपासून वेगळी, ४ स्क्वेअर मि.मी.ची वायर, २० अँपचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). आणि अर्थिंग तपासून घ्या. पाऊस सुरू झाला की व्होल्टेज वरखाली होतं, स्टॅबिलायझर लागेल का ते एसीच्या माहितीपत्रकात बघा.

ए-२०१: आणि पाणी कुठे पडणार? मागच्या एप्रिलला वरच्यांच्या ड्रेन पाइपचं पाणी थेंब थेंब आमच्या आमसुलांच्या सुपात पडत होतं, तीन दिवसांची उन्हं वाया गेली, बुरशी आली आणि सगळी टाकावी लागली. कृपा करून पाइप खालपर्यंत न्या.

ए-३०१: अगं बाई, नक्की नेते गं. इनडोअरपासून बाहेर उतार देऊनच घेते, नाहीतर पाणी परत भिंतीवर येतं म्हणे. दादा, शनिवारी फिटर येतोय, तुम्ही याल का?

बी-२०४: येतो ना, सकाळी १० ला. पंप आणणार आहेस का, ते आत्ताच फोन करून विचारा त्याला.