आधी आईच्या गुडघ्यांना विचारा

बाळ येणार म्हणून सेडान विकून एसयूव्ही घ्यायचा विचार करताय? जरा थांबा. प्रॅम, बॅगा सगळं आमच्या सेडानच्या डिकीत मावायचं. अडलं ते माझ्या आईचे गुडघे धरल्यावर. खालच्या सीटवरून उठवेना. मोठी एसयूव्ही दाखवली तर चढवेना! शेवटी कमरेच्या उंचीची सीट असलेली गाडी घेतली. टेस्ट ड्राइव्हला आईला नेलं होतं, तुम्हीही न्या.

मनातून मला इस्टेटच (छत मागेपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेली सेडान) हवी होती. सेडानसारखी चालते, सामान भरपूर. पण टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, एकही इथे टिकली नाही. त्यात चार मीटर लांबीच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या गाड्यांना कर कमी, मग लांब शेपटीची गाडी काढणार कोण? (बायकोच्या मते ती शववाहिकेसारखी दिसते, ते वेगळंच.)