ऑक्सिजन लाईनचे पॉइंट प्लास्टर-पीओपीच्या कामात कसे झाकून ठेवायचे?

बार्शीकर_साईट

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलचा माणूस, घरं-बंगले भरपूर केले पण हॉस्पिटल पहिलंच. ३० बेडचं आहे, तळ अधिक दोन मजले, डॉक्टरांचं स्वतःचं. गॅसवाल्यांनी स्लॅब झाल्यावर येऊन कॉपरच्या लाईनी टाकल्या, प्रत्येक बेडच्या डोक्याशी टोकं भिंतीबाहेर काढून ठेवली (ऑक्सिजन, एअर, व्हॅक्यूम आणि ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीचा नायट्रस ऑक्साइड पण) आणि गेले दुसऱ्या साईटवर. म्हणाले कलर झाला की फोन करा, मग पॅनल आणि आउटलेट (गॅसची नळी जोडायचे पॉइंट) बसवतो.

आता माझी अडचण. टोकांची अवस्था अशी आहे की काहींना पाईपबरोबर आलेली प्लास्टिकची टोपी आहे, काहींना ब्राउन टेप गुंडाळलाय, काहींत बिगाऱ्यांनी सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबलाय आणि दोन-चार तर चक्क उघडी आहेत. पहिल्या मजल्यावर प्लास्टर चालू झालंय, त्यामागे पीओपी, टाइल्स, ग्रॅनाइट कटिंग, सगळं कोरडंच कापतात, धुरळा तुम्हाला माहितीय. प्लंबरचं म्हणणं शेवटी कॉम्प्रेसरने हवा मारू, सगळं निघून जाईल. डॉक्टर म्हणतात पाण्याच्या लाईनीसारखं पाणी भरून टेस्ट करून घ्या. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते सांगता येत नाही. कोणी हे काम केलेलं असेल तर सांगा.

---

तांब्याचा_फिटर

दादा, पाणी नाही आणि कॉम्प्रेसरही नाही. दोघांनाही आजच सांगून टाका.

का ते सांगतो. मेडिकल गॅसचा पाईप साधा एसीचा कॉपर नसतो, तो फॅक्टरीतून आतून डिग्रीज करून येतो म्हणजे तेलाचा अंशसुद्धा काढलेला, आणि दोन्ही टोकांना टोप्या लावून येतो. त्या टोप्या शोभेला नसतात. प्लंबरच्या कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचं तेल असतं, त्याच्या हवेत तेलाची वाफ आणि पाणी दोन्ही असतं, म्हणजे धूळ काढायच्या नादात तुम्ही तेल आत घालणार. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस यांचं वैर किती ते सिलेंडर भरणाऱ्या कोणालाही विचारा. व्हॉल्व झटक्यात उघडला की गॅस बंद टोकाशी दाबला जाऊन तापतो आणि तिथे तेल असेल तर पेटायला तेवढं पुरतं. वॉर्डात लाईनीला दाब साधारण ४ बारच असतो, खरा धोका मॅनिफोल्डकडे (सगळे सिलेंडर जिथे लाईनीला जोडतात तिथे), जिथे भरलेल्या सिलेंडरचे १५० बार येतात. पण लाईन एकच आहे ना, आणि अलीकडचा फिटर कुठल्या हाताने काय जोडेल काय सांगावं. पाणी भरलं तर ते खालच्या वळणांत साचून राहतं, पूर्ण कधीच निघत नाही, नंतर फ्लोमीटरमध्ये (बेडजवळचं, गॅस किती जातोय ते दाखवणारं मीटर) आणि व्हेंटिलेटरमध्ये येतं.

आता झाकायचं कसं. गॅसवाल्याला परत बोलवा आणि प्रत्येक टोक ब्रेझ करून (म्हणजे तापवून धातूने झाळून) बंद करून घ्या. टोक चेपून ब्रेझ करतात किंवा कॉपरची टोपी ब्रेझ करतात, दोन्ही चालतं. अट एवढीच की पाईप भिंतीबाहेर वीतभर जास्त ठेवायचा, म्हणजे शेवटी ते टोक कापून टाकता येतं. कापायचं पण ट्यूब कटरने, हॅक्सॉने नाही, हॅक्सॉचा कीस सगळा आत पडतो.

आणि सगळी टोकं बंद झाली की लाईनीत कोरडा, बिनतेलाचा नायट्रोजन भरून ठेवा, प्रत्येक गॅसच्या लाईनीला दाब दाखवणारं एक गेज आणि एक व्हॉल्व. आत बाहेरपेक्षा जास्त दाब असला की धूळ, ओल काही आत शिरत नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा, इलेक्ट्रिशियनने किंवा पीओपीवाल्याने अँकर मारताना पाईपला भोक पाडलं तर गेज त्याच दिवशी पडतं. नाहीतर फॉल्स सिलिंग लागून कलर झाल्यावर कळतं आणि मग सिलिंग फोडा. गेजचा आकडा रोज सकाळी सुपरवायझरने फळ्यावर लिहायचा. सकाळ-संध्याकाळच्या तापमानाने थोडा वर-खाली होणारच, त्याला घाबरू नका, एका दिशेने पडत गेला की फोन करा.

टेपचं म्हणाल तर टेप कामचलाऊसुद्धा नाही. उन्हात त्याचा डिंक वितळतो आणि पाईपच्या तोंडाला चिकटून बसतो. कागद-चिंधी कोंबणं तर सगळ्यात वाईट कारण ती आत ढकलली जाते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही.

---

ठेकेदार_५५

एवढं सगळं कोण करतं हो? आमच्याकडे तालुक्याला कोविडनंतर किती नर्सिंग होमनी लाईनी टाकल्या, सगळ्यांनी टेपच लावले आणि आजही ऑक्सिजन चालू आहे. गॅसवाल्याला दोनदा बोलावलं की दोनदा बिल, डॉक्टर देणार का? नायट्रोजनचे सिलेंडर साईटवर उभे करायचे म्हणजे ते चोरीला जाणार. बार्शीकर, चांगल्या टोप्या लावा आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधा, झालं.

---

भूल_आणि_चहा

मी ॲनेस्थेशियाची डॉक्टर, तेव्हा पाईपच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या माणसाचं म्हणणंही ऐका. ठेकेदार साहेब, "चालू आहे" म्हणजे काय हे तुम्हाला कळत नाही, आम्हालाच कळतं. नव्या वॉर्डात फ्लोमीटरचा गोळा मध्येच अडकतो, ५ लिटरवर लावलेला तिथेच राहतो आणि खाली नळी बंद असली तरी हलत नाही. उघडून बघितलं की आत पांढरी किंवा काळी भुकटी. व्हेंटिलेटरच्या इनलेटला फिल्टर असतो म्हणून मशीन वाचतं, पण तो फिल्टर भरला की गॅस कमी येतो आणि अलार्म वाजत राहतो, आणि रात्रीची सिस्टर बिचारी पेशंटमध्ये दोष शोधत बसते. साध्या मास्कला कसलाही फिल्टर नसतो, तिथे जे येईल ते सरळ पेशंटच्या छातीत. नवजात बाळाला लावलेल्या ऑक्सिजनमधून सिमेंटची भुकटी, विचार करा.

व्हॅक्यूमची लाईन "ती तर ओढायचीच आहे" म्हणून लोक उघडी ठेवतात. चालू केल्यावर सगळा कचरा पंपाकडे जातो आणि सक्शन कमकुवत होतं. ऑपरेशन टेबलावर सक्शन कमी पडणं काय असतं ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या वेळच्या बिलाचं डॉक्टरांना मी समजावून सांगायला तयार आहे 🙂

---

बार्शीकर_साईट

सगळ्यांचे आभार, विशेषतः फिटर दादांचे आणि मॅडमचे. काल उघडी टोकं आणि कागदाची टोकं बघायला गेलो. एका पाईपात कागद काढल्यावर आत मातीचं घरटं निघालं, कुंभारीण माशीचं, पक्कं लिंपलेलं. आणि दुसरी गोष्ट जी मला कळली नाही, एका टोपीवाल्या पाईपात, म्हणजे जो नीट झाकलेला होता त्यात, तारेला पांढरा रुमाल बांधून आत फिरवला तर काळंकुट्ट आलं. धूळ नाही, बारीक काळे पापुद्रे. टोपी असून हे कुठून आलं?

---

तांब्याचा_फिटर

ते बाहेरून आलेलं नाही, ते आतच तयार झालंय.

जॉइंट ब्रेझ करताना कॉपर लालबुंद होतो आणि आत हवा असेल तर आतल्या बाजूला कॉपर ऑक्साइडचा काळा थर धरतो. म्हणून ब्रेझिंग चालू असताना पाईपातून नायट्रोजन हळूहळू सोडत राहायचा असतो, हवा बाहेर राहिली की आतून कॉपर चकचकीत राहतो. वेळ आणि सिलेंडर वाचवायला बरेच जण हे करत नाहीत आणि बाहेरून जॉइंट अगदी सुंदर दिसतो. मग तोच थर पुढे कितीतरी महिने पापुद्र्यांनी सुटत राहतो, मॅडमनी सांगितलेली काळी भुकटी बहुतेक तीच.

पडताळून बघा. गॅसवाल्यासमोर एक जॉइंट कापून घ्या आणि पाईप उभा चिरून आत बघा. फिकट तांबूस किंवा थोडा रंग बदललेला असेल तर ठीक. काळा आणि नखाने खरवडला की सुटणारा असेल तर त्याने नायट्रोजन सोडलेला नाही. एकच जॉइंट कापून निकाल लावू नका, दोन्ही मजल्यांवरचा एकेक तरी बघा, कारण मुलं बदलतात आणि काम बदलतं. काळा निघाला तर टोपीबिपीचा प्रश्न नंतरचा, आधी त्या लाईनीचं काय करायचं ते ठरवा. आत्ता प्लास्टर अर्धं बाकी आहे तोवर बदलणं स्वस्त आहे.

आणि घरटं निघालेल्या टोकाला हवा मारू नका, माती आत जाईल. तेवढा तुकडा कापून टाका, मागे कुठवर माती गेलीय ते टॉर्चने बघा.

नायट्रोजनबद्दल एक राहिलं. बंद खोलीत सोडू नका, खिडक्या-दारं उघडी ठेवा. वास नाही, रंग नाही, हवेतला ऑक्सिजन हटवतो आणि माणूस पडेपर्यंत कळत नाही. चोरी होते हे ठेकेदार साहेबांचं खरं आहे, पण भरून झालं की सिलेंडर परत पाठवायचा, साईटवर फक्त गेज राहतं.

---

बायोमेड_नाशिक

थोडी भर. झाकण्याइतकंच महत्त्वाचं की झाकलेल्या टोकावर कुठला गॅस ते लिहिणं. चार सारखे कॉपरचे पाईप भिंतीतून बाहेर आलेत, प्लास्टरवाल्याने वर खडूने लिहिलेलं पुसलं, मग पॅनल बसवणारा अंदाजाने जोडतो. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१६ मध्ये सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या ऑक्सिजनच्या आउटलेटमधून नायट्रस ऑक्साइड आला, एक बाळ गेलं आणि एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. लाईन आदल्या वर्षी टाकलेली होती आणि हँडओव्हरच्या वेळी कोणीही त्या आउटलेटमधून काय येतंय ते नीट तपासलं नव्हतं. म्हणून धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी तारेने पाईपलाच बांधा, भिंतीवर लिहू नका.

टेस्ट काय मागायच्या ते करारात आत्ताच लिहून घ्या. मेडिकल गॅस लाईनीची मानकं आहेत, एनएफपीए ९९ (अमेरिकेचं), एचटीएम ०२-०१ (ब्रिटनचं), आयएसओ ७३९६ (आंतरराष्ट्रीय), यातलं कुठलंही एक धरा, पण कागदावर नाव पाहिजे. एनएफपीएत पॅनल लागल्यावर २४ तासांची स्टँडिंग टेस्ट आहे, म्हणजे चालू दाबापेक्षा २० टक्के जास्त दाब भरून तो पडतो का ते बघायचं. मग प्रत्येक आउटलेट जोरात सोडून समोर पांढरं फडकं धरायचं, फडक्यावर डाग यायचा थांबेपर्यंत सोडत राहायचं. आणि शेवटी फिल्टरमधून १००० लिटर गॅस सोडून त्यावर १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कचरा जमायला नको. तुमच्या काळ्या लाईनीचा निकाल इथेच लागेल. तीनदा-चारदा सोडूनही फडकं काळं होत असेल तर पाईप बदला, वाद घालू नका.

मग एकेक गॅस चालू करून बाकी सगळे बंद ठेवून प्रत्येक आउटलेटला ॲनालायझर (कुठला गॅस किती टक्के ते दाखवणारं यंत्र) लावायचा. नायट्रोजन पूर्ण निघाला का, तेही त्यातच कळतं. सिलेंडरचा ऑक्सिजन असेल तर शेवटच्या बेडलासुद्धा ९९ टक्के दिसायला हवा. पहिल्या बेडवर ठीक आणि शेवटच्या बेडवर कमी असं असेल तर तिकडे नायट्रोजन अजून बसलेला आहे.

---

ठेकेदार_५५

बरं बाबा, टेपचं मागे घेतो. पण कामाचं एक मी पण सांगतो, तुम्ही कोणी बोलला नाहीत. शेवटी टाइल्स धुवायला ॲसिड मारतात ना, त्याच्या वाफेने कॉपर आणि ब्रास दोन्ही हिरवे-काळे पडतात. माझ्या एका साईटवर नवीन आउटलेटच्या क्रोमवर डाग पडून डॉक्टरांनी सगळे बदलून मागितले होते. त्यामुळे आधी ॲसिडवॉश, मग खोली दोन-तीन दिवस उघडी टाका, मग आउटलेट. आणि पॅनल साईटवर लवकर मागवू नका. खोक्यातून काढून मुलं त्यावर डबे ठेवून जेवतात.

---

बार्शीकर_साईट

गॅसवाला शनिवारी येतोय, जॉइंट कापून बघायला तयार झाला, पण फोनवर आवाज जरा पडलेला वाटला 😄 पहिल्या मजल्याचं बेडच्या भिंतींचं प्लास्टर तोवर थांबवलंय, बाकी भिंती चालू आहेत. डॉक्टरांना मॅडमचा रिप्लाय वाचून दाखवला, दुसरं बिल मान्य केलं. गेज कुठल्या रेंजचं घेऊ तेवढं सांगा, हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पंपाचं मिळतंय.

---

तांब्याचा_फिटर

ते घेऊ नका, ते पाण्यावर आणि तेलावर टेस्ट करून आलेलं असतं. ऑक्सिजनचं वेगळं मिळतं, डायलवर "तेल वापरू नका" असं लिहिलेलं असतं, ०–१० बारचं घ्या. गॅसवाल्याकडेच असेल, त्यालाच आणायला सांगा. आणि धाग्याला टेफ्लॉन टेप लावताना प्लंबरच्या डब्यातला नको, ऑक्सिजनसाठीचं नवीन सीलबंद रीळ काढा, प्लंबरच्या हाताला नेहमी पाईपचं ग्रीस लागलेलं असतं.