युद्धकाळातील परदेशी पत्रकार: वार्ताहर की बिनसरकारी दूत?

प्रश्न:
जून १९४२ मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले आणि गांधीजींशी रोज बोलले. हिंदुस्थानचा परराष्ट्र व्यवहार तेव्हा लंडनच्या हाती होता. अशा वेळी फिशर यांच्यासारख्यांना निव्वळ वार्ताहर म्हणावे, की बिनसरकारी दूत?

प्रतिसाद १:
फिशर यांना दूत म्हणायला माझी हरकत नाही. वैदर्भी उन्हाळ्यात हा गृहस्थ पाण्याच्या टबात खोके ठेवून त्यावर बसे, बाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र मांडून संभाषणांची टिपणे काढी आणि घाम आला की अंगावर पाणी ओतून घेई. येथवर पत्रकारिताच झाली. परंतु १ जुलैचे रूझवेल्ट यांच्या नावाचे पत्र गांधीजींनी त्यांच्याकडेच सोपवले आणि पसंत न पडल्यास ते फाडून टाकण्याची मुभाही दिली. स्वतंत्र हिंदुस्थानशी करार करून दोस्तांच्या फौजा येथे राहू शकतील, अशी तयारी त्या पत्रात होती. इतका विश्वास कोणी साध्या बातमीदारावर टाकत नाही.

प्रतिसाद २:
अधिकृत प्रतिनिधीची गतही पाहावी. रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी विल्यम फिलिप्स यांनी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमधील गांधीजींना भेटण्याची परवानगी मागितली; व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती नाकारली. अर्थात तेव्हा गांधीजी कैदेत होते आणि फिशर आले तेव्हा मोकळे, हा फरक विसरून पत्रकारांचा फार मोठेपणा सांगू नये.

प्रतिसाद ३:
दूताला गुपित राखावे लागते आणि पत्रकाराला छापावे लागते. खरी अडचण तेथे आहे. जुलै १९४४ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’चे स्टुअर्ट गेल्डर पाचगणीला गांधीजींशी तपशिलात बोलले. १९४२ चा प्रसंग पुन्हा आणता येणार नाही, मुलकी कारभारावर पूर्ण ताबा असलेल्या राष्ट्रीय सरकारवर आपले समाधान होईल, असे गांधीजी म्हणाले. हे व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या कानी जावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात मुलाखतीचा मजकूर आधी वृत्तपत्रात आला आणि गांधीजींना खुलासे करत बसावे लागले. पुढे २७ जुलैला त्यांनी त्याच धर्तीचा प्रस्ताव स्वतः वेव्हेल यांना लिहून पाठवला. १५ ऑगस्टच्या उत्तरात वेव्हेल यांनी तो फेटाळला.