अनुभव धागा: तोएईच्या लाटा आणि टोपीवालं मांजर

कार्यक्रमाच्या आधी किंवा शेवटी कंपनीचं चिन्ह दोन-चार सेकंद झळकतं, तेव्हा बरेच जण पाणी प्यायला उठतात. माझा पाय तेव्हा निघत नाही. जपानच्या तोएई या चित्रपट कंपनीची दोन चिन्हं मला फार जवळची आहेत. एक, खडकांवर आदळणाऱ्या लाटांमधून पुढे येणारा त्रिकोण. दुसरं, तोएई अ‍ॅनिमेशनचं टोपीवालं मांजर, पेरो. तुमच्या आठवणी लिहा, दोन ओळींची असली तरी चालेल. सुरुवात मीच करते.

पुण्यात जपानी शिकत असताना त्या त्रिकोणातली अक्षरं पहिल्यांदा लागली. ‘तो’ म्हणजे पूर्व, तोक्योमधला तोच. ‘एई’ म्हणजे पडद्यावर उमटणं. सिनेमाला ‘एइगा’ म्हणतात, त्यातला. इतकी वर्षं नुसती नक्षी वाटलेली गोष्ट त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली!

निशिकासाई, तोक्यो:
लेक पाच वर्षांची होती. रविवारी सकाळी साडेआठला तोएईची ‘प्रिक्युअर’ ही कार्टून मालिका, म्हणून आंघोळ-नाश्ता आठच्या आत. त्याचा सिनेमा लागला तेव्हा तिला पहिल्यांदा थिएटरात नेलं. दारात मुलांना एक चिमुकला दिवा देत होते, पडद्यावरच्या मुलींना बळ द्यायला तो हलवायचा. अंधार झाला, लाटा धाडकन फुटल्या आणि पोर माझ्या कुशीत शिरली. दिवा मुठीत घट्ट. “आई, समुद्र आत आला?” आता ती चौथीत आहे. लाटा आल्या की अजूनही माझा हात धरते, भीतीने नाही, सवयीने.

रत्नागिरी, सध्या चिबा, जपान:
चिन्हातल्या त्या लाटा चोशी शहरातल्या इनुबोसाकी या भूशिराच्या. तिथे १८७४ सालचं दीपगृह आहे. खाली उतरलो तर वारा उभं राहू देईना, चष्म्यावर खारं पाणी. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, “हे तर आपलंच उधाण.”

मुंबई:
मी चित्रकला शिकवतो. पेरो हा १९६९ च्या बूट घातलेल्या मांजराच्या चित्रपटाचा नायक. त्याला रूप दिलं अ‍ॅनिमेटर यासुजी मोरींनी. त्या चमूत पुढे नामवंत दिग्दर्शक झालेले तरुण हायाओ मियाझाकीही होते. मुलांना मी हे चिन्ह काढायला देतो. कितीही रेषा कमी करा, टोपीखालचा तो मिश्कील चेहरा जात नाही. रेखाटन म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

नागपूर:
तोएई अ‍ॅनिमेशनच्या ‘ड्रॅगन बॉल झी’ या कार्टूनसाठी शाळेतून धावत घरी यायचो. २०१९ मध्ये कामासाठी तोक्योला गेलो, तेव्हा एक दिवस काढून ओइझुमीला गेलो. तिथे तोएई अ‍ॅनिमेशनचं संग्रहालय आहे, २०१८ ला उघडलेलं. आत शिरलो आणि समोर पेरो. लहान भावाला फोटो पाठवला. नागपुरात तेव्हा सकाळचे साडेसात असतील, तरी लगेच फोन आला.