किनारा सुशोभीकरणाचा निधी लहान नगरपरिषदांनी नाकारावा का?

खाडीपलीकडचा (चर्चाप्रस्ताव)

कोकण किनाऱ्यावरील लहान नगरपरिषदांना आणि नगरपंचायतींना समुद्रकिनारा सुशोभीकरणासाठी निधी मंजूर होतो, तेव्हा तो परत जाऊ नये एवढ्याच एका चिंतेने ठराव संमत होतो. पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च कोठून येणार हे अंदाजपत्रकात दाखवता येत नसेल, तर असा निधी नगरपरिषदेने नाकारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यावर येथे साधकबाधक चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

बांधकामाचा पैसा राज्य शासनाच्या योजनेतून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. काम अनेकदा दुसरीच यंत्रणा करते आणि उद्घाटनानंतर ते नगरपरिषदेकडे हस्तांतरित होते. तेथून पुढे दिव्यांचे वीजबिल, कठड्यांची रंगरंगोटी, फरशांची दुरुस्ती आणि झाडलोट हा सगळा भार घरपट्टीवर पडतो. २०११ च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या बारा हजारांच्या, तर मालवणची एकोणीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीच्या घरपट्टीतून खाऱ्या हवेशी किती वर्षे झुंजता येईल? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लोखंडी कठडा दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो, दिव्याच्या खांबाच्या बुडाशी असलेली वायरिंगची पेटी गंजून उघडी पडते आणि पुढे तो खांब नुसता उभा राहतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान शहरांत भुयारी गटारे नाहीत. सेप्टिक टँक आणि शोषखड्डे आहेत, जमीन जांभ्याची म्हणजे सच्छिद्र आहे, आणि त्याच आवारात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. मोऱ्यांचे पाणी उघड्या गटारातून व्हाळात (ओहोळात) आणि व्हाळातून समुद्रात जाते. नव्या कोऱ्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर करड्या पाण्याची धार पुळण (किनाऱ्यावरची वाळू) कापत जाताना दिसते, आणि छायाचित्र काढणारे तेवढा भाग चौकटीबाहेर ठेवतात. स्वच्छ किनाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या ज्या 'ब्लू फ्लॅग' या आंतरराष्ट्रीय मानांकनाचे दाखले दिले जातात, त्याच्या ३३ निकषांत आंघोळीच्या पाण्याची गुणवत्ता हा एक मुख्य गट आहे. तो पायऱ्या बांधून पूर्ण होत नाही.

सागरवाट

प्रस्तावाशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि व्यवसायाने मी पर्यटकांना खोल्या देणारा असल्यामुळे माझा यात स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शासनाचा निधी लेखाशीर्षानुसार, म्हणजे ठरावीक कामाच्या नावाखालीच येतो. पर्यटनाच्या लेखाशीर्षाखाली आलेला पैसा आपण नाकारला म्हणून त्याचे गटार होत नाही. तो शेजारच्या तालुक्यात जातो. 'दहा वर्षांची तरतूद दाखवा' ही अट प्रामाणिकपणे सर्वत्र लावायची ठरवली, तर लहान नगरपरिषदेला दवाखाना, वाचनालय आणि अग्निशमन केंद्रही उभारता येणार नाही, कारण यांपैकी कशाचाही दहा वर्षांचा खर्च आज हातात नसतो. अट फक्त किनाऱ्यालाच का?

आणि किनारा केवळ पाहुण्यांचा आहे असे गृहीत का धरायचे? अंधाऱ्या पुळणीवर संध्याकाळी सातनंतर एकही स्त्री फिरकत नसे, तेथे दिवे आल्यानंतर गावातल्या बायका घोळक्याने फिरायला जातात, हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रसाधनगृह आणि कपडे बदलण्याची खोली नसल्यामुळे कुटुंबे तासाभरात निघून जातात. २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत किनाऱ्यावर तात्पुरत्या स्वरूपाची प्रसाधनगृहे, शॉवर, बसण्याची व्यवस्था आणि पायवाटा यांना, भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून, अटींसह मुभा दिलेली आहे. म्हणजे कायद्यालाही हे गैर वाटत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवा माड फळायला सहा-सात वर्षे लागतात. तोपर्यंत बागायतदाराने काय करायचे? ज्यांच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या ते तगले. त्यांच्या दारात पाहुणा आणणारी गोष्ट नाकारा, असे म्हणणे सोपे आहे.

जमाखर्च

नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरीची बरीच वर्षे गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

लेखाशीर्षाबाबत सागरवाट यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. स्वच्छतेसाठी वेगळा पैसा येतच नाही, असा समज दोन्ही बाजूंनी दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानात ४० टक्के रक्कम मुक्त आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, ठेवली होती. बंधित रकमेपैकी निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होती. म्हणजे सुशोभीकरण गटाराचा पैसा खाते, हा आरोप हिशेबाच्या वहीत टिकत नाही.

मात्र ते गटाराचा वेळ खाते. लहान नगरपरिषदेत स्थापत्य अभियंता बहुधा एकच असतो, आणि तीही जागा कधी रिक्त, कधी शेजारच्या नगरपंचायतीच्या अतिरिक्त कार्यभारासह. मोजमापे, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरीचा पाठपुरावा, निविदा, देयके हे सगळे त्या एकाच टेबलावर. ज्या कामामागे आमदारांचा फोन आहे आणि ज्याचा निधी ३१ मार्चला परत जाणार आहे, ती फाइल वर येते. मैला प्रक्रिया केंद्राच्या जागेचा प्रस्ताव, ज्याला प्रत्येक प्रभागाचा विरोध असतो, तो खाली जातो. कोणीही कट केलेला नसतो. टेबलच तेवढे आहे.

देखभालीबद्दल एक कटू गोष्ट. कायद्यानुसार मालमत्ता कराची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायची असते. ती जाहीर झाली की मोर्चा निघतो, स्थगिती येते, आणि जुन्या दरानेच वसुली चालू राहते. खोल्या भाड्याने देणाऱ्या अनेक इमारतींची नोंद आजही 'निवासी' अशीच आहे. सागरवाट यांनी स्वार्थ मान्य केला हे चांगले झाले. आता त्या स्वार्थाची आकारणी कोणत्या दराने व्हावी, तेही सांगावे.

रापणकर

वरील तिघेही किनाऱ्याकडे शहराच्या बाजूने पाहत आहेत. आम्ही समुद्राच्या बाजूने येतो.

रापण लावताना होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते किनाऱ्यावर ओढतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. यासाठी उतरती, सलग, मोकळी पुळण लागते. मध्ये पायऱ्या आल्या, लाद्यांचा चौथरा आला किंवा 'आय लव्ह' असे लिहिलेली भलीमोठी अक्षरे आली, की ती जागा रापणीतून बाद. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढून ठेवायच्या असतात, मासळी सुकवायला वाळू लागते, जाळी दुरुस्त करायला सावली लागते. या जागा कोणाच्या नावावर नाहीत, म्हणून नकाशावर त्या 'मोकळ्या' दिसतात.

भिंतीचेही तसेच. पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुळण पुन्हा भरून येऊ लागते. या येण्याजाण्याच्या पट्ट्यात पक्की भिंत घातली, तर लाट तिच्यावर आपटून परतताना पायथ्याची वाळू उपसते. धूप थांबत नाही, भिंतीच्या टोकाला सरकते, आणि त्या टोकाला सहसा आमची वाडी असते.

खाडीपलीकडचा यांनाही एक सांगणे आहे. आपण दहा वर्षांच्या देखभालीची हमी मागता. ती हमी मिळाली तर आमचे नुकसान दहा वर्षे पक्के झाले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

सागरवाट

रापणकर यांच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, की रापण आटली ती पायऱ्यांमुळे नव्हे. पर्ससीन (मासळीच्या थव्याभोवती टाकायचे मोठे यांत्रिक जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्याजवळ मासा उरला नाही, हे आपल्याच समाजाचे लोक मोर्च्यात सांगतात. आपल्या वाडीतलीच तरुण मुले आज पर्यटकांना होडीतून फिरवतात. त्यांना किनाऱ्यावर माणसे हवी आहेत की नकोत?

सुशोभीकरण आणि स्वच्छता यांना वैरी ठरवणाऱ्यांनी वेंगुर्ल्याकडे पाहावे. तेथील नगरपरिषदेने कचरा टाकण्याच्या जागेचेच पर्यटनस्थळ केले. राज्यभरातून नगरसेवक ते पाहायला गेले. बाग, नाव, प्रसिद्धी, सगळे झाले, आणि कचराही हटला.

घरपट्टीबाबत: वर्षातले चार महिने पावसाळ्यात रिकाम्या असणाऱ्या दोन खोल्यांना बारमाही लॉजचा दर लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. हंगामी दर ठरवा, मी पहिला भरीन.

खाडीपलीकडचा

वेंगुर्ल्याचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तेथे आधी घरोघरी वर्गीकरण सुरू झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत झाले, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला, आणि हे चालू लागल्यामुळे जी जागा मोकळी झाली तिच्यावर बाग उभी राहिली. क्रम लक्षात घ्यावा. आपल्याकडे बाग आधी होते आणि कचऱ्याची गाडी तिच्यामागून फिरते. ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण २०१६ च्या नियमांनीच बंधनकारक केले होते. ते करायला पर्यटनाच्या लेखाशीर्षाची वाट पाहावी लागत नव्हती.

जमाखर्च यांनी टेबलाचा जो मुद्दा मांडला आहे, तो मला निधी नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण वाटतो. पैसा दोन खिशांत असू शकतो, अभियंता असू शकत नाही.

रापणकर यांचा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे: विचारले कोणी? ग्रामपंचायतीत निदान ग्रामसभा असते, तेथे उभे राहून प्रश्न विचारता येतो. नगरपरिषद झाली की तो मंच जातो. २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली, पण कागदाबाहेर भरलेली क्षेत्रसभा माझ्या पाहण्यात नाही. त्यातच राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांवर निवडणुका रखडल्यामुळे २०२२ च्या आगेमागे प्रशासक आले आणि डिसेंबर २०२५ च्या मतदानापर्यंत सभागृहच नव्हते. त्या काळात मंजूर झालेल्या किनाऱ्यावरच्या कामांचे आराखडे आता निवडून आलेल्या सभागृहांनी पुन्हा पटलावर घ्यावेत, एवढी मागणी तरी सागरवाट यांना मान्य व्हावी.

जमाखर्च

आराखडे पटलावर घेण्यास हरकत नाही. कार्यादेश दिलेले काम अर्ध्यावर थांबवले, तर ठेकेदार न्यायालयात जाईल आणि नुकसानभरपाई पुन्हा घरपट्टीतूनच जाईल, याचे भान मात्र ठेवावे.

देखभालीच्या पैशासाठी माथेरान आणि महाबळेश्वर या नगरपरिषदांप्रमाणे पर्यटकांकडून प्रवेशकर घ्यावा, अशी सूचना दर वर्षी येते. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, तेथून आत शिरणारा प्रत्येक जण मोजता येतो. किनाऱ्यावरच्या शहरात तीन-चार दिशांनी रस्ते येतात, मधून राज्य महामार्ग जातो, आणि बाजारहाटाला येणारा पंचक्रोशीतला माणूस व पर्यटक यांत नाक्यावरचा कर्मचारी फरक कसा करणार? त्यापेक्षा किनाऱ्यालगत सशुल्क वाहनतळ करावा, त्याचे उत्पन्न सामान्य फंडात न मिसळता किनाऱ्याच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे, आणि निधी स्वीकारण्याच्या ठरावातच त्या खात्याचा उल्लेख असावा. ते उत्पन्न पुरणार नसेल, तर काम तेवढ्या बेताचे करावे. दहा वर्षांची हमी मागण्यापेक्षा हे व्यवहार्य आहे.

सागरवाट

वाहनतळ शुल्क मान्य. पटलावर घेणेही मान्य, फक्त त्या निमित्ताने काम वर्षभर लटकू नये.

रापणकर

वाहनतळ कोठे करणार? किनाऱ्यालगत सपाट आणि सरकारी म्हणून जी जागा दाखवली जाईल, ती बहुतेक ठिकाणी होड्या ओढून ठेवण्याची किंवा मासळी सुकवण्याची असते. सागरी किनारा व्यवस्थापन आराखडा करताना कोळीवाडे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याचे ओटे आणि जेट्टी हे सर्व स्थानिक नकाशावर दाखवले पाहिजे, असे सागरवाट यांनी सांगितलेल्या त्या २०१९ च्या अधिसूचनेतच लिहिलेले आहे. तो नकाशा नगरपरिषदेने वाडीत आणून आमच्यासमोर उलगडावा आणि राहिलेल्या जागा भरून घ्याव्यात. वाहनतळाच्या ठरावाला मग सूचक-अनुमोदक शोधावेत. आमच्या प्रभागाचे नगरसेवकही त्यांत असतील, किंवा नसतील.