मदत हवी आहे: कर्नाटकचं व्हेटरनरी रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात ट्रान्सफर करायचंय

नमस्कार मंडळी, माझ्या बहिणीनं बिदरला बी.व्ही.एस्सी. (जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी) आणि मग सर्जरीत एम.व्ही.एस्सी. (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) केलंय, रजिस्ट्रेशन कर्नाटक व्हेटरनरी कौन्सिलचं आहे आणि आता लग्नानंतर उदगीरला क्लिनिक टाकायचंय. १९८४ च्या व्हेटरनरी कौन्सिल कायद्याप्रमाणे दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं ते केलेलं आहे, पण नागपूरच्या महाराष्ट्र कौन्सिलकडे ट्रान्सफरसाठी एनओसी आधी तिकडून आणायची की अर्ज इथूनच जातो? एम.व्ही.एस्सी. नोंदवायला वेगळा फॉर्म लागतो का? त्यात सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव अन् आधारवर सासरचं. परवा रात्री शेजाऱ्यांची म्हैस अडली, ही गमबूट चढवून दारात उभी, पण इथला रजिस्ट्रेशन नंबर नाही म्हणून जीव नुसता खालीवर होत होता तिचा. कुणी नुकतंच केलं असेल तर प्लीज सांगा, आडनावासाठी अॅफिडेव्हिट चालतं की गॅझेटच लागतं?