जर्मनीहून कायमचे नाशिकला येतोय, दहा वर्षांच्या लेकीसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं श्टुटगार्टहून कायमचे नाशिकला येतोय. बाबांचा पार्किन्सन्स वाढलाय, आईला आता जिना चढवत नाही आणि दर सुट्टीनंतर त्या दोघांना तसंच ठेवून निघणं माझ्याच्याने यापुढे होणार नाही. नवऱ्यालाही मनापासून पटलंय. त्यामुळे यावं की न यावं हा प्रश्न उरलेला नाही.

व्यवहाराचं बरंचसं मार्गी लागलंय. पाच वर्षांपेक्षा जास्त भरणा झाल्याने इथल्या पेन्शनवरचा आमचा हक्क राहतो, आणि दोन्ही देशांतला सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू असल्याने ती वेळ आल्यावर भारतातही मिळेल. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं की कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे रद्द होतो. जर्मन नागरिकत्व घ्यायचं तर भारताचं सोडावं लागतं, ते आम्हाला नको होतं. म्हणजे इथलं दार लागणार हे धरूनच निघतोय. भाड्याच्या घराची तीन महिन्यांची नोटीस मेमध्ये देऊ. स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं आमचीच आहेत, ती नव्या भाडेकरूला विकायचा विचार आहे.

जीव अडकलाय तो लेकीत. ती जन्मली इथेच. धाकटा चार वर्षांचा आहे, तो आजी-आजोबा आणि अंगणातला पेरू एवढ्यावर खूश आहे. पण ती आता चौथीत आहे आणि तिचं म्हणून एक जग तयार झालंय. इथे चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, मैत्रिणी तशाही पांगणार आहेत, म्हणून हेच वर्ष निवडलं.

पहिलीत असल्यापासून ती शाळेत चालत एकटी जाते. सुरुवातीला मी थोडं अंतर ठेवून मागे मागे जायचे, तर बाईंनीच सांगितलं, आता तिचं तिला जाऊ द्या. शनिवारी सकाळी बेकरीतून ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, आणायचं काम तिचं. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकून प्रत्येकीमागे 25 सेंट परत मिळतात, ते पैसेही तिचे. गेल्या महिन्यात शाळेत सायकलची परीक्षा झाली. पोलीस स्वतः येऊन शिकवतात: वळण्याआधी मान वळवून मागे बघायचं, हात बाहेर काढून दाखवायचा, पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पास झाल्यावर मिळालेलं कार्ड तिने दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय. त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, हे नाशिकला चालेल ना?" नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

शाळा, भाषा, डास, ट्रॅफिक यातून वाट निघेल. पण तिच्या हातात आलेली ही मोकळीक आपण काढून घेणार, हे मला फार लागतंय. माझी आई अतिशय मायेची आहे, पण ती नातीला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी पाठवायची नाही. एकाच घरात राहायचंय. रोज त्यावरून आईशी वाद घालायला मी बारा-तेरा वर्षांनी परत येत नाहीये.

दुसरी गोष्ट तळमजल्यावरच्या आजींची. मी 2012 साली आले तेव्हा जिना झाडण्याची आठवड्याची पाळी, म्हणजे इथली केरवोखं, त्यांनीच शिकवली. आपली पाळी आली की दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते. मी पहिल्यांदा झाडून झाल्यावर त्या गुडघ्यावर बसल्या आणि पायरीच्या कोपऱ्यातली धूळ बोटाने काढून मला दाखवली. तेव्हा अपमान वाटला होता. पुढे धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात होते, तेव्हा लेक त्यांच्याकडेच झोपली. ती त्यांना ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणते. त्यांचं वय आता 80 च्या पुढे आहे, मुलगा हांबुर्गला. आपल्या आई-बाबांसाठी निघताना या बाईंना मात्र आम्ही मागे ठेवून चाललोय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता मदत हवी आहे ती अशी. इथली शाळा जुलैच्या अखेरीस सुटते, तिकडची जूनच्या मध्यावर भरते. ऑगस्टमध्ये पाचवीत प्रवेश घेतलेली मुलं सावरतात का? 2020 च्या कायद्यामुळे मराठी कुठल्याही बोर्डाच्या शाळेत असणारच. ती मराठी अस्खलित बोलते, वाचता मात्र येत नाही. माझा ओढा घराजवळच्या मराठी माध्यमाच्या सेमी-इंग्रजी शाळेकडे आहे, सगळे नातेवाईक मात्र आंतरराष्ट्रीय शाळा सुचवताहेत. आणि तुमच्या मुलांची ही मोकळीक तुम्ही कशी राखलीत? ज्यांनी या वयाची मुलं घेऊन परत येण्याचं केलंय, त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

आम्ही आइंडहोवनहून पुण्यात कोथरूडला आलो तेव्हा मुलगा नऊचा होता. हॉलंडमध्ये सायकल म्हणजे त्या मुलाचे पायच होते, त्यामुळे तुमची धास्ती अगदी समजते. खरं सांगायचं तर पहिले काही महिने तो चिडलेला होता आणि आम्ही त्याला चिडू दिलं. "इथे किती मजा आहे बघ" हे पालुपद लावू नका, मुलांना ते कळतं.

मोकळीक जशीच्या तशी आणता येत नाही, पण वेगळ्या रूपात देता येते. आम्ही आधी सोसायटीच्या आवारात सोडलं, मग वाण्याकडे, मग रस्ता न ओलांडता जाता येईल अशा क्लासला. मुख्य म्हणजे त्याला घरात खरी जबाबदारी दिली. तुमच्याकडे तर बाबांच्या गोळ्यांच्या वेळा आहेत. पार्किन्सन्सच्या गोळ्या वेळेवरच जाव्या लागतात. तुम्ही स्वतः लक्ष ठेवून आठवण करायचं काम तिच्याकडे द्या. आजीलाही नात किती भरवशाची आहे ते दिसेल, मग दुकानात पाठवायची परवानगी मागावी लागणार नाही.

जन्मदाखला बहुभाषिक नमुन्यात मिळतो, तो निघण्याआधी काढून घ्या. शाळेच्या प्रगतिपुस्तकांचं अधिकृत भाषांतरही तिथेच करून घ्या.

आणि ओमांना आजच सांगा. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका.

प्रतिसाद २

मी मराठी शाळेत शिकवते, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहिते. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी मराठीतून. मराठी माध्यमाच्या शाळांत हिंदी बहुतेक ठिकाणी पाचवीपासून सुरू होत आलंय, म्हणजे त्या विषयात वर्गाबरोबरच तिची सुरुवात होईल. एकदा देवनागरी बसली की दोन्ही भाषांचं काम होतं.

पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पहिली-दुसरीची घ्या, रोज एक पान, मोठ्याने. जोडाक्षरं घाईने नकोत, ऱ्हस्व-दीर्घ तर आत्ता सोडूनच द्या. जी मुलं बोलतात ती वाचायला पटकन लागतात, कारण शब्द कानावरून गेलेला असतो. खरा त्रास लिहिण्याच्या वेगाचा होतो. फळ्यावरचं उतरवून घेताना अशी मुलं मागे पडतात आणि रडवेली होतात. वर्गशिक्षिकेला आधीच भेटून पहिल्या सत्रापुरती सवलत मागा. जागा शिल्लक असेल तर ऑगस्टमध्ये प्रवेश मिळतो, पण मुख्याध्यापकांना आत्ताच पत्र पाठवून ठेवा.

जर्मन टिकवायचं असेल तर ओमांना दर आठवड्याला फोन. क्लासपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गोळ्यांचं काम लेकीला देण्याचं मला सुचलंच नव्हतं. आज आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आधी मला पण घड्याळाकडे बघून शिकू दे, मग दोघी मिळून करू." ओमांकडे रविवारी कॉफीला जातोय, तेव्हा सांगणार.

पहिलीचं पुस्तक डाउनलोड करून घेतलंय. एक शंका राहिली: फळ्यावरून उतरवण्याच्या वेगासाठी घरी काय सराव घ्यावा? आणि गंगापूर रोडच्या बाजूला, मराठी माध्यमात मुलं असलेले कुणी इथे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शाळेच्या रस्त्याला पदपथ कुठवर आहे आणि सकाळी तिथून किती मुलं चालत जातात, एवढं जरी कळलं तरी खूप होईल.